सेकंडहँड डिझेल पिकअप दारात आली. आता पहिलं काम कोणतं?

विकणारा हमखास सांगतो, "ऑईल आत्ताच बदललंय, वर्षभर बघायला नको." खरंही असेल. पण कोणतं ऑईल घातलं, फिल्टर बदलला की नुसतंच ऑईल ओतलं, 'आत्ताच' म्हणजे मागचा महिना की मागचं वर्ष, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. तारीख आणि किलोमीटर लिहिलेल्या पावत्या हातात असतील तर गोष्ट वेगळी. नसतील तर या गाडीत आजवर काहीच बदललेलं नाही, असं धरून चालायचं.

हे कळलं की बरेचजण दुसऱ्या टोकाला जातात. गाडी थेट गॅरेजात लावायची, सगळी ऑईलं आणि सगळे फिल्टर एका दमात बदलून घ्यायचे आणि संध्याकाळी निश्चिंत मनाने घरी न्यायची. बदलायचं आहेच, त्यात चूक नाही. चूक होते ती जुना माल न बघता फेकण्यात. चेंबरमधलं (इंजिनच्या तळाच्या भांड्यातलं) काळं ऑईल, फिल्टरच्या तळाशी साचलेला गाळ, रेडिएटरमधलं गढूळ पाणी, हेच त्या गाडीच्या मागच्या आयुष्याचे साक्षीदार असतात. साक्ष न घेताच त्यांना घालवलं, तर इंजिनच्या पोटात काय चाललंय ते पुढचे सहा महिने कळत नाही, आणि कळतं तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच धोरणावर बेतला आहे: आधी बघा, मग काढा, काढलेलं नीट तपासा, आणि मगच नवं भरा.

पहिला दिवस: पाना हातात घ्यायचा नाही

गाडी रात्री सपाट जागी लावा आणि इंजिनापासून मागच्या ॲक्सलपर्यंत खाली पुठ्ठे पसरा. इंजिन धुवायचा मोह आवरा, कारण गळती कुठून सुरू होते हे त्या चिकट धुळीवरच दिसतं. विकण्याआधी कुणी इंजिन चकाचक धुऊन दिलं असेल तर तीही एक माहितीच समजा.

सकाळी पुठ्ठे ओढून काढा. पुढच्या बाजूला काळा डाग म्हणजे इंजिन ऑईल. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, बरोबर तिथे डाग असेल तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑईल सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलेलं असू शकतं. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रंगीत, किंचित गोडसर वासाचा डाग कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. मागे ॲक्सलखाली गंधकासारखा उग्र वास येणारा डाग गिअर ऑईलचा. चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ उतरलेला दिसला तर ब्रेक ऑईल किंवा ॲक्सल सील, आणि ब्रेक ऑईल असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत गाडी हलवायची नाही.

आता बोनेट उघडा. इंजिन पूर्ण थंड असतानाच डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा. ऑईल काळं दिसलं म्हणून दचकू नका. डिझेल इंजिनमध्ये काजळी तयार होतेच आणि नवं ऑईलही थोड्याच दिवसांत काळं पडतं. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, ऑईल पाण्यासारखं पातळ वाटत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑईलमध्ये डिझेल उतरतंय. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) गळत असेल, किंवा सायलेन्सरमधल्या काजळी फिल्टरची साफसफाई (साचलेली काजळी जाळून टाकणं) वारंवार अर्धवट राहत असेल, तर असं होतं. ऑईल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, म्हणजे हेड गास्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं पॅकिंग) किंवा ऑईल कूलर गेलाय. फक्त ऑईल भरायच्या झाकणाच्या आत थोडा पांढरट फेस असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर तो बहुधा लहान लहान फेऱ्यांमुळे जमलेला दमटपणा.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं. यात घाई करून हात आणि चेहरा भाजून घेणारे कमी नाहीत. आत गंजकट तपकिरी पाणी दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणीच घालत आलंय. वर तेलाचा तवंग तरंगत असेल तर गाडी पुढे नेण्याआधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा.

पहिली सेल

इंजिन थंड असतानाच सेल मारायची, म्हणजे चावीने इंजिन सुरू करायचं, हे महत्त्वाचं. डिझेल इंजिनचे रोग थंड असताना उघडे पडतात; गरम इंजिन सगळं झाकून घेतं. (गाडी बघायला गेलात तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं का, आठवून बघा.)

चावी फिरवा, ग्लो प्लगचा (थंड सिलिंडर तापवणाऱ्या कांडीचा) दिवा विझू द्या, मग सेल मारा. एखादा सेकंद इकडेतिकडे चालेल, पण गाडी बराच वेळ घरघरून, झटके देत, पांढरा धूर सोडत चालू झाली तर ग्लो प्लग, इंधनात शिरणारी हवा किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर), या तिघांपैकी कुणीतरी दोषी. कुणाला पाठीमागे उभं करून धूर बघायला सांगा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) पाईप, खराब नोझल. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर थंडीत मिनिटभर आला तर हरकत नाही. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळतंय.

इंजिन संथ चालू असताना ऑईल भरायचं झाकण सैल करून जागेवरच नुसतं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उड्या मारू लागलं, आतून भकाभका वाफ येऊ लागली, तर पिस्टनच्या रिंगा झिजून जळका वायू खाली चेंबरमध्ये शिरतोय. ही ढोबळ परीक्षा आहे, प्रत्येक इंजिनला सारखी लागू पडत नाही. शंका आली तर कॉम्प्रेशन मोजून घ्या.

मल्टिमीटर असेल तर बॅटरीही आताच बघा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल मारताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक. डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे त्याला फिरवायला ताकद जास्त लागते. पेट्रोल गाडीत अजून वर्षभर रेटली असती अशी बॅटरी इथे आधीच मान टाकते.

गाडीला निदानाचं सॉकेट असेल तर स्कॅनर लावून साठलेले फॉल्ट कोड वाचा आणि खोडण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा. एकही कोड नाही आणि तपासण्या 'अपूर्ण' असं दिसत असेल, तर कुणीतरी नुकतीच मेमरी पुसली असावी किंवा बॅटरी काढून जोडली असावी. तसं असेल तर आठवडाभर गाडी चालवून पुन्हा वाचा.

गाडीखाली जाण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. स्टँड लावायचे, तेही चासीच्या मजबूत भागाखाली, आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडवणारे ठोकळे) लावायची. पिकअपचा हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं उचलली की त्याचा उपयोग संपला. पुढची चाकं मोकळी फिरतात.

कोणतं ऑईल किती लागतं, कोणता बोल्ट किती आवळायचा, हे तुमच्या इंजिनच्या हँडबुकमधून घ्या. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं आलेली असतात, तेव्हा पार्ट मागवताना इंजिन नंबर आणि चासी नंबर जवळ ठेवा.

इंजिन ऑईल

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. कोमट ऑईल गाळासकट बाहेर येतं. चेंबरखाली स्वच्छ टब ठेवा. स्वच्छ अशासाठी की त्यात काय पडतं ते तुम्हाला बघायचंय. बोल्ट काढल्याबरोबर आधी काय येतं तिकडे लक्ष द्या, कारण पाणी ऑईलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि आधी बाहेर पडतं. बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची बारीक, मलमासारखी राखाडी पूड चालते. बोटाला टोचणारे कण चालत नाहीत.

जुना ऑईल फिल्टर फेकू नका, कापा. पत्र्याचा असेल तर फिल्टर कापायचं कटर मिळतं. करवतीने कापलं तर करवतीचाच चुरा आत पडून घोटाळा होतो. आतला कागद पसरून उजेडात धरा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे. तांबूस चमक दिसली तर बेअरिंग झिजत आलेत, आणि ही बातमी ऑईल बदलून मिटणारी नाही. दहा मिनिटांचं हे काम अनेक गॅरेजांत कुणी करत नाही, पण नवीन मालकाला त्यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही.

ऑईल निवडताना डब्यावरचा डिझेलचा दर्जा बघा. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) दर्जांत डिझेलचे दर्जे 'सी' अक्षराने सुरू होतात: सीआय-४, सीजे-४, सीके-४. सायलेन्सरमध्ये काजळी फिल्टर असलेल्या गाडीला कमी राख सोडणारं ऑईलच घालायचं. चुकीच्या ऑईलची राख त्या फिल्टरमध्ये अडकून राहते, आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. ऑईल किती दाट, म्हणजे १५डब्ल्यू-४० की ५डब्ल्यू-३०, हे हँडबुक ठरवेल, शेजारी नाही.

नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑईल लावा, जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बघा (दोन रिंगा एकावर एक बसल्या की पहिल्याच रेसला ऑईल फवाऱ्यासारखं उडतं), फिल्टर हातानेच आवळा आणि चेंबरच्या बोल्टला नवा वॉशर घाला. इंजिन चालू केल्यावर प्रेशरचा दिवा विझेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. टर्बोचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर फिरतो आणि त्याच्यापर्यंत ऑईल पोहोचायला वेळ लागतो.

डिझेल फिल्टर: इथे घाई नको

डिझेलच्या गाडीत सर्वात महाग माल इंधनाच्या वाटेवर बसलेला असतो. कॉमनरेल इंजिनमध्ये (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) नोझलपर्यंत डिझेल हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही जास्त दाबाने जातं. पंप आणि नोझलला वंगण देणारंही तेच डिझेल. त्यात पाण्याचे थेंब गेले की गंज, धुळीचे कण गेले की ओरखडे. त्यातलं काही पोहोचू नये म्हणून मध्ये हा एकच पहारेकरी उभा असतो.

काम थंड इंजिनवर, मोकळ्या हवेत. फिल्टरभोवतीची जागा आधी पुसून घ्या, म्हणजे उघडताना माती आत पडणार नाही. तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. तो सैल करून येईल ते काचेच्या बरणीत धरा आणि जुन्या फिल्टरमधलं डिझेलही त्यातच ओता. बरणी तासभर हलवू नका. मग बघा. स्वच्छ, एकसारखं डिझेल असेल तर सुटलात. खाली पाण्याचा थर असेल तर टाकीतही पाणी आहे. काळपट, बुळबुळीत शेवाळासारखं काही दिसलं तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारे सूक्ष्मजीव टाकीत घर करून बसलेत. मग टाकी उतरवून धुवावी लागते, नाहीतर नवा फिल्टर पुन्हा काही दिवसांत तुंबतो. आणि बरणी उजेडात हलवल्यावर धातूची चमचम दिसली, तर हाय प्रेशर पंप स्वतःलाच खातोय. अशा वेळी इंजिन चालू न करता थेट डिझेल पंपाच्या जाणकाराकडे जायचं, कारण तोच चुरा पुढे नोझलमध्ये जातो.

नवा फिल्टर बसवल्यावर हवा काढायची. हँडपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबत राहा. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी चालू करा, थोडं थांबा, बंद करा, असं चार-पाच वेळा. मग सेल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मध्ये सेल्फ मोटरला थंड व्हायला वेळ द्या. उघड्या डब्यातलं डिझेल ओतून फिल्टर भरायची सवय जुन्या मेकॅनिकांत आहे. जुन्या पंपाच्या इंजिनांत ते खपून गेलं, कॉमनरेलमध्ये त्या डब्यातली धूळ सरळ नोझलला भेटते.

आणखी एक जुनी सवय: एअर धरली (डिझेलच्या वाटेत हवा अडकली) की नोझलकडे जाणारे पाईप सैल करून सेल मारायची. जुन्या यांत्रिक पंपाला ते चालत असे. कॉमनरेलमध्ये हे कधीही करायचं नाही. त्या दाबाची बारीक पिचकारी कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत शस्त्रक्रियेची वेळ येते. असं कुणाला झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटलात न्यायचं.

एअर फिल्टर आणि टर्बो

एअर फिल्टर सरळ नवा घाला. जुना काढल्यावर त्याच्या मागच्या, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या पाईपमध्ये पांढरं फडकं फिरवा. धूळ निघाली तर फिल्टर नीट बसत नव्हता आणि इंजिनने माती खाल्ली आहे. त्याच वेळी टर्बोकडे जाणारा पाईप काढून पंख्याचा दांडा बोटाने हलवून बघा: बाजूंना अगदी किंचित हलेल, पण पुढेमागे हलायला नको, आणि पाती घराला घासलेली नकोत. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाईपमध्ये ऑईलचा हलका थर असतोच. ओतलं तर धार लागेल इतकं ऑईल असेल तर टर्बो शेवटच्या प्रवासाला निघालाय.

कूलंट, आणि त्याच्या शेजारचा बेल्ट

जुनं कूलंट काढून डिस्टिल्ड पाण्याने धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. नवं कूलंट कोणतं, ते रंगावरून ठरवू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. बघायचं ते हँडबुकमध्ये सांगितलेला प्रकार. तीव्र कूलंट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी; तयार मिसळलेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कूलंटचं काम फक्त गोठू न देणं आहे असा समज असतो. मुख्य म्हणजे ते गंज रोखतं आणि उकळण्याचा बिंदू वर नेतं. ज्या डिझेल इंजिनांत लायनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) थेट पाण्यात बसलेले असतात, तिथे लायनरच्या थरथरण्याने बारीक बुडबुडे फुटून धातूला खड्डे पडतात. साध्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनचा लायनर असा आरपार जाऊ शकतो.

भरल्यावर हीटर पूर्ण गरम करून, इंजिन चालू ठेवून हवा निघू द्या. पंखा एकदा फिरून थांबला आणि केबिनमध्ये गरम हवा आली की समजायचं बसलं. थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. पहिल्या दिवशी ती उतरतेच.

आता बेल्ट. तुमच्या इंजिनला टायमिंगचा (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा) बेल्ट आहे की चेन, हे आजच शोधून काढा. बेल्ट असेल आणि बदलल्याचा पुरावा नसेल, तर सगळ्यात आधी तो बदला. बाहेरून छान दिसणारा बेल्टही आतून संपलेला असतो; किलोमीटरइतकंच वयही बघतात. डिझेल इंजिनमध्ये पिस्टन वर आला की हेडपर्यंत जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि बहुधा हेड उतरवावंच लागतं. बदलताना टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुल्या) आणि बेल्टवरच चालत असेल तर वॉटर पंपही सोबत बदला, कारण मजुरी तीच. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने स्वतः करू नये. एक दात इकडेतिकडे झाला तर जी भीती होती तेच घडतं. चेन असेल तर थंड इंजिन चालू होताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखडते का, एवढं कान देऊन ऐका.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल

नियम एक: ऑईल काढायच्या आधी भरायचा बोल्ट सैल होतो की नाही ते बघायचं. मी हे गाडी स्टँडवर आणि हाउसिंग (गिअरचा डबा) रिकामं असताना शिकलो. भरायचा बोल्ट गंजून बसलेला, पान्याने त्याचे कोपरे गोल झालेले, आणि गाडी दोन दिवस हलवता येईना.

मागच्या डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला) बहुधा जीएल-५ दर्जाचं ऑईल लागतं. हाताने टाकायच्या गिअरबॉक्सला मात्र हँडबुक जीएल-४ सांगत असेल तर जीएल-५ 'वरचा दर्जा' म्हणून घालू नका. काही जीएल-५ ऑईलांतली रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत. चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) आणि पुढचं डिफरन्शियलही विसरू नका, आणि चारही चाकांना जोर लावायचा लिव्हर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर टाकून थोडं अंतर चालवा. वर्षानुवर्षं न वापरलेली यंत्रणा गरजेच्या दिवशीच अडून बसते.

हाउसिंगमधून दुधाळ ऑईल निघालं तर गाडी खोल पाण्यातून गेलेली आहे. नवं भरण्याआधी वरचा ब्रीदर (हवा बाहेर जायचं छोटं तोंड) साफ करा. तो मातीने बुजला की आतली गरम हवा सीलमधून वाट काढते आणि लोक उगाच सील बदलत बसतात.

पाटे, क्रॉस आणि ब्रेक

पिकअप ओझं वाहायला असते आणि तिने किती वाहिलं, हे पाट्यांवर (ॲक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) लिहिलेलं असतं. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. मूळ संख्येपेक्षा एखादा जास्त असेल तर मागच्या मालकाने क्षमतेपेक्षा जास्त भरलंय असं समजून क्लच, मागचे बेअरिंग आणि चासीकडे बारकाईने बघा. पाट्याला चीर, सरकलेला सेंटर बोल्ट, पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या ढिल्या यू-बोल्टभोवती चमकणारं घासलेलं लोखंड, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) फाटलेले बुश, हे टॉर्च मारून शोधा.

जास्तीच्या पाट्याचा एक छुपा परिणाम आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक दांडी असलेला व्हॉल्व्ह असतो. हौदा भरून मागचा भाग खाली दबला की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवून गाडी उंच केली की त्याला हौदा कायम रिकामाच वाटतो, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. दांडी जागेवर आहे, वाकलेली नाही, तारेने बांधून ठेवलेली नाही, हे बघा आणि उंची बदललेली असेल तर व्हॉल्व्ह नव्याने सेट करून घ्या.

प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्समधून मागे जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने पिरगाळून बघा. खेळ जाणवला किंवा सांध्याभोवती गंजाची लाल पूड दिसली की बदला. ग्रीस निप्पल असतील तिथे जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारा. गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बहुधा बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावीकडे-उजवीकडे धरून खेळ असेल तर स्टिअरिंगचे रॉड.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि उतारावर गरम झाल्यावर त्यातलं पाणी उकळून पॅडल स्पंजासारखं होतं. त्यामुळे ते बदलाच, आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी. पुढच्या पॅडचा माल ३ मिलिमीटरवर आला की नवे. मागचे ड्रम उघडून ब्रेक लायनर आणि व्हील सिलिंडर बघितल्याशिवाय ब्रेक तपासले असं म्हणू नये. स्वतः ब्रेक उघडायचा अनुभव नसेल तर हे काम जाणत्याकडूनच करून घ्या.

गंज आणि टायर

हौद्यात लायनर (अस्तर) किंवा पत्रा टाकलेला असेल तर उचलून बघा. पाणी त्याखालीच साचतं. चासीच्या पोकळ भागांवर हातोडीने हलके टकटक करा. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. ताज्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगची जोडणी सापडली तर बाकीचा खर्च करण्याआधी चासी तपासून घ्या.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर असून टायर जुना असेल तर बाजूला बारीक भेगा दिसतील. ओझ्याच्या गाडीला असे टायर नकोत. हवा किती भरायची ते दाराच्या चौकटीवरचा तक्ता सांगतो, आणि रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. स्टेपनी हौद्याखाली साखळीवर टांगलेली असेल तर आजच एकदा उतरवून पुन्हा चढवा आणि साखळीला वंगण द्या. पंक्चर झाल्यावर ती साखळी गंजून बसलेली कळणं बरं नाही.

धुराची यंत्रणा

नव्या पिढीच्या गाडीत काजळी फिल्टर असेल तर ती शहरातल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांना वैतागते. साचलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आणि ते मोकळ्या रस्त्यावर सलग चालल्यानेच सहज मिळतं. साफसफाई चालू असताना इंजिन बंद करत राहिलात तर फिल्टर तुंबतो आणि वर सांगितल्यासारखं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची वेगळी टाकी असेल तर भरताना शुद्धीवर राहा. तो द्रव चुकून डिझेलच्या टाकीत पडला तर चावीसुद्धा फिरवायची नाही; टाकी रिकामी करूनच पुढे.

पहिले हजार किलोमीटर

चाकं काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा. यू-बोल्ट बदलले असतील तर तेही. पहिला आठवडा रोज सकाळी थंड इंजिनवर ऑईल आणि कूलंटची पातळी बघा, आणि पुठ्ठा पुन्हा एकदा खाली घाला. जुन्या पुठ्ठ्याशी ताडून बघितलं की कोणती गळती थांबली, कोणती तशीच आहे ते कळतं. भरल्या गाडीने चढ चढून आलात तर बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं इंजिन संथ चालू ठेवा, म्हणजे टर्बो थंड व्हायला ऑईल मिळतं.

नवं ऑईल जुन्या इंजिनमधली वर्षांची काजळी धुऊन घेतं. म्हणून पहिला बदल हँडबुकच्या निम्म्या अंतरावर करा, फिल्टर पुन्हा कापा आणि आधीच्या फिल्टरच्या फोटोशेजारी ठेवून बघा. त्या दिवशीची तारीख, किलोमीटर, ऑईलचा दर्जा आणि फिल्टरमध्ये काय दिसलं, एवढं वहीत लिहून ती डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका.